पाणी स्वच्छ आलं म्हणून

पट्टीवाल्या बाईंशी माझी ओळख आधी झाली ती त्यांच्या अक्षरातून. जलमापन कचेरीत मी नोंदींचा कारकून होतो. दर महिन्याला निरनिराळ्या ओढ्यांवरून माझ्या टेबलावर तक्ते यायचे. तारीख, वेळ, पाण्याची उंची, एक लिटर पाण्यात गाळ किती ग्रॅम. सगळ्यांचे आकडे रकान्यांत मुकाट बसलेले असत. एकाच तक्त्याच्या कडेला मात्र बारीक, तिरक्या अक्षरात काहीतरी जास्तीचं लिहिलेलं असायचं. ‘डोंगर झाकला ११.२०. पाणी चढू लागलं ४.२५.’ किंवा नुसतंच, ‘आज पाण्याला तांबूस झाक.’

मी नोकरीत नवा होतो आणि नव्या कारकुनाला नियमांचं जरा जास्तच प्रेम असतं. मी रीतसर पत्र टाइप केलं, ‘तक्त्यात रकान्याबाहेर मजकूर लिहू नये.’ आठवड्याने पोस्टकार्डावर उत्तर आलं, ‘रकाने पुरत नाहीत. आपण जास्तीचा छापून दिलात तर त्यात लिहीन.’

मी ते कार्ड रागारागाने साहेबांपुढे ठेवलं. साहेब हसले. म्हणाले, “फायलीला लाव आणि गप्प बस. चार वर्षांत त्या बाईंची एक नोंद चुकलेली नाही. तुझी हजेरी बघ एकदा.”

पुढच्याच वर्षी त्यांच्याकडचा तराजू दुरुस्तीला आणायचा होता म्हणून मला तिकडे जावं लागलं. शहर संपतं तिथे, पुलाच्या जरा वर, ओढ्याच्या काठावर खात्याची एक खोली होती. खोलीपुढे पाण्यात काँक्रीटचा आडवा उंबरा बांधलेला, त्याच्या कडेला आकडे रंगवलेली उभी मोजपट्टी. या पट्टीवरूनच लोक त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणत. आत गेलो तर खिडकीशी टेबल, टेबलावर काचेच्या पेटीत तराजू, शेजारी एक छोटी विजेची भट्टी. मांडणीवर धुतलेल्या बाटल्या उपड्या घातलेल्या. दोरीवर चिमट्यांनी गोल कागद लावलेले. बाटलीतलं पाणी त्या कागदातून गाळायचं, कागद भट्टीत सुकवायचा आणि वर राहिलेल्या मातीचं वजन करायचं. दिवसातून तीन वेळा. पलंग पडद्यामागे होता. म्हणजे बाई कचेरीतच राहत होत्या किंवा कचेरी त्यांच्या घरात राहत होती.

तिशीच्या बाई, अंगाने किरकोळ, बोलायला मोकळ्या. चहा ठेवता ठेवता त्यांनीच विषय काढला.

“पत्र तुम्हीच पाठवलंत ना?”

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“मग इकडे या.” त्यांनी मला दारात नेलं आणि दूरच्या डोंगराकडे हात केला. “पाऊस लागला की तो डोंगर दिसेनासा होतो. तेव्हा मी घड्याळ बघते. मग पाणी इथे चढायला लागलं की परत बघते. पाणी किती चढलं ते तुमच्या रकान्यात लिहिता येतं. किती वेळात चढलं ते कुठे लिहू?”

“किती वेळ लागतो?”

“पाच तास. थोडं मागेपुढे.”

“एवढ्याशा अंतराला?”

“वर गवत आहे. उताराला आडवे दगडी बांध आहेत. पाणी गवतात थांबतं, जमिनीत मुरतं, मग रमतगमत खाली येतं.” आणि मग म्हणाल्या, “माहेर आहे माझं ते.”

मी तराजू घेऊन परतलो. पुन्हा कधी त्यांना रकान्यावरून पत्र लिहिलं नाही.

बाईंची बाकीची सगळी हकीगत मला तुकड्यातुकड्याने कळली, कधी तराजूच्या निमित्ताने, कधी त्या कचेरीत यायच्या तेव्हा. वीस वर्षांच्या असताना त्या डोंगरावरून लग्न होऊन खाली आल्या. नवरा तिथे पट्टी वाचायला होता. “दुसऱ्यांचे नवरे सिनेमाला नेतात, आमच्या यांनी पहिल्याच आठवड्यात मला गुडघाभर पाण्यात उभं करून आकडे वाचायला शिकवलं,” असं त्या हसत सांगायच्या. सहा वर्षांनी काविळीचं निमित्त होऊन नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. तो आजारी असताना नोंदी याच करत होत्या, त्यामुळे खात्याने जागा यांनाच दिली. नवरा गेला त्या दिवशीचा तक्ता मी जुन्या फायलीत काढून पाहिला आहे. सकाळची नोंद आहे, दुपारची आहे. संध्याकाळची नाही.

माहेरी वडील होते आणि एक मोठा भाऊ. दादा. दादा महिन्यातून एकदा बसने खाली यायचे. आले की आधी खोलीत शिरायचे नाहीत. उंब्र्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहायचे आणि तिथूनच हाक मारायचे, “काय चिमणे, आमचं पाणी नीट पोचतंय ना?”

बाई आतून म्हणायच्या, “पोचतंय. पण जरा वापरून पाठव, फारच स्वच्छ येतं.”

हा त्यांचा ठरलेला विनोद. दर महिन्याला तोच, आणि दर महिन्याला दोघं हसायची.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या सबंध खोऱ्यात माती काळी किंवा करडी. तांबडी माती फक्त बाईंच्या माहेरच्या उतारावर होती. त्यामुळे दोरीवरच्या एखाद्या कागदावर फिकट तांबूस वर्तुळ उमटलं की बाईंना कळायचं, आज आपल्या घरावर पाऊस पडला. कचेरीच्या दृष्टीने तो लिटरमागे एवढे एवढे ग्रॅम गाळ. वजन झालं की कागद फेकून द्यायचा असा नियम होता. तांबूस कागद मात्र बाई फेकत नसत. पत्र्याच्या डब्यात ठेवत. मी एकदा विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, “टाकवत नाही.”

बाई छत्तिसाव्या वर्षात असताना वडील गेले. दादांना दोन मुलगे, दोघं शिकायचे होते. गवतावर आणि चार जनावरांवर ते भागणारं नव्हतं. वेफर्सच्या कारखान्याला बटाटे हवे होते आणि डोंगरावरची हवा बटाट्याला चांगली. दादांनी दोन वर्षं विचार केला, मग ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरला बांध आडवे येत होते, ते फोडले. झाडं काढली. गवत नांगरून टाकलं आणि उतारावर सरळ वरून खाली सऱ्या पाडल्या.

मी शेतकरी नाही, पण हे मला बाईंनीच समजावलं. सरी आडवी असली की प्रत्येक सरी पाण्याला अडवते. उभी असली की तीच पन्हाळीसारखी काम करते. पाणी धावतं, आणि धावणारं पाणी रिकाम्या हाताने जात नाही.

पहिल्या वर्षीच मोठ्या पावसाच्या दिवशी गाळ दीड ग्रॅमवरून चारावर गेला. पुढल्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी नऊ. कागदावर आता वर्तुळ उमटत नव्हतं, तांबडा थरच बसत होता, सुकला की त्याला भेगा पडायच्या. आणि कडेची ती बारीक अक्षरं बदलत गेली. पाच तासांचे साडेतीन झाले, मग अडीच. ‘डोंगर झाकला १.१५. पाणी ३.४०.’ उन्हाळ्यात उलटं. ज्या उंब्र्यावरून भर उन्हाळ्यातही करंगळीएवढी धार पडायची तो ठणठणीत कोरडा. पाण्याने मुरायचंच सोडून दिलं तर उन्हाळ्यात येणार कुठून?

बाईंनी तिसऱ्या वर्षी एक बाटली भरून पिशवीत घातली आणि बस पकडून वर गेल्या.

त्यांचं चुकलं ते वेळेचं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. त्या पोचल्या तेव्हा बटाट्याची पोती ट्रकमध्ये चढवणं चाललं होतं. ट्रकवाला होता, मजूर होते, कारखान्याचा माणूस होता. बाईंनी सगळ्यांसमोर अंगणाच्या भिंतीवर बाटली ठेवली. बाटलीत वर चहासारखं पाणी आणि तळाशी दोन बोटं तांबडा गाळ.

“दादा, हे काय आहे ओळखतोस?”

दादांनी बाटलीकडे पाहिलं, मग माणसांकडे. “आत चल. चहा घे.”

“आधी बघ तरी. ही आपली माती आहे. एका पावसाची. बांध निदान ठेवायचे होतेस. सऱ्या तरी आडव्या...”

“आडवा ट्रॅक्टर घातला तर उलटतो,” दादा म्हणाले. आवाज अजून खालीच होता. “पलीकडच्या उतारावर गेल्या वर्षी काय झालं ऐकलंस ना? माणूस खाली सापडला. मी जाऊ का तसा?”

“मग बटाटे नको लावूस.”

मजुरांपैकी कुणीतरी हसलं. तेवढं पुरलं. दादांचा चेहरा उतरला आणि मग घट्ट झाला. “तुला खोली खात्याची, पगार खात्याचा. पट्टी बघायची आणि लिहायचं. मला दोन पोरं उभी करायची आहेत. आणि तू लग्न होऊन गेलीस, चिमणे. इथली माती आता तुझी नाही.”

बाईंनी बाटली उचलून पिशवीत घातली. वहिनी दारात हात पुसत उभ्या होत्या, “वन्सं, थांबा” म्हणाल्या. बाई थांबल्या नाहीत. पुढची बस दोन तासांनी होती. दोन तास त्या फाट्यावर उभ्या राहिल्या. कुणी बोलवायला येतं का याची वाट बघत होतात का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मग काय, बसची?”

कुणी आलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं भावाबहिणीचं बोलणं नव्हतं. दादांचं महिन्याचं येणं थांबलं. दोघांचे स्वभाव एकाच घरचे. वहिनी वर्षातून एखादं पत्र टाकायच्या, त्यात मुलांची खुशाली असायची, दादांबद्दल एक ओळ.

बाकीचं बाईंना बाटली सांगायची. पावसाळा तोंडावर असताना एखादी वळवाची सर येऊन गेली आणि कागदावर मऊ, दाट तांबडं आलं, की नांगरट झाली. मग सऱ्या पाडल्या की खडबडीत, वाळूसारखे कण यायचे. पीक वाढून जमीन झाकली गेली की आठ-दहा दिवस रंग फिकट व्हायचा. आणि एके दिवशी एकदम लालभडक पाणी आलं की बटाटे काढले. बाई कडेला लिहायच्या, ‘वर नांगरट झाली असावी.’ ‘काढणी चालू असावी.’ मला वाटायचं, कामाची किती कळकळ. बहीण रोज भावाची खबर लिहितेय हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या मातीवरून भांडण झालं तिचीच त्या सकाळ, दुपार, संध्याकाळ वाट बघत होत्या.

बारावं वर्ष लागलं. पावसाळा महिनाभर चालू होता आणि माझ्या टेबलावर एक अर्ज आला. तो मला पाठ आहे. ‘मा. साहेब, गेले पाच आठवडे वरचे पाणी स्वच्छ येत आहे. त्यात तांबडी माती अजिबात नाही. भाऊ आजारी असावा. तरी चार दिवसांची रजा मिळावी.’

साहेब नवे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. “पाणी स्वच्छ आलं म्हणून रजा? ही बाई ठीक आहे ना?”

मी म्हणालो, “साहेब, त्या बाई पंचवीस वर्षांत पहिल्यांदा रजा मागतायत.” साहेबांनी सही केली. चार दिवस पट्टी वाचायला मी गेलो. बाई किल्ली देऊन निघाल्या आणि दारातून वळल्या. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, सगळे म्हणतील पाणी किती छान आलंय. मला त्या बाटलीकडे बघवत नाही.”

झालं असं होतं की नांगरटीच्या आधीच दादांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मुलगे शहरात नोकरीला. जमीन यंदा तशीच पडून राहिली, तिच्यावर गुडघाभर रान माजलं आणि त्या रानाने माती धरून ठेवली.

बाई अकरा वर्षांनी अंगणात शिरल्या आणि दारापाशी अडखळल्या. पूर्वी अंगणातून सरळ उंबरठ्यावर पाय पडायचा. आता पायरी गुडघ्याएवढी उंच, खाली दोन दगड रचलेले. आधी त्यांना वाटलं, घर उचलून बांधलं की काय. मग लक्षात आलं, घर तिथेच आहे. अंगण खाली गेलंय. कुंपणाच्या झाडाची मुळं हाताच्या शिरांसारखी उघडी पडली होती. शेतात रानाच्या फटींमधून माती कमी आणि दगड जास्त दिसत होते.

वहिनी बाहेर आल्या. “वन्सं? तुम्हाला कोणी कळवलं? यांनी मला शपथ घातली होती.”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “माझं मलाच वाटलं.”

दादा खिडकीशी खुर्चीत होते. बहिणीकडे बघून काहीतरी बोलले. बाईंना कळलं नाही. त्या जवळ गेल्या, वाकल्या. दादांनी पुन्हा तेच म्हटलं, तरी कळलं नाही. शेवटी वहिनींनी सांगितलं, कारण त्यांना आता ती भाषा सरावाची झाली होती.

“विचारतायत, बाटली आणलीस का.”

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता तिथेच जमिनीवर बसल्या. दादांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. वहिनी चहा टाकायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चार दिवस झाले, बाई परत आल्या, आणि मग दर पंधरा दिवसांनी रविवारी वर जायला लागल्या. त्या रविवारी पट्टी मी वाचायचो. तेव्हाच मी एक काम अंगावर घेतलं. कचेरीतले सगळे जुने तक्ते काढून कडेच्या त्या बारीक नोंदी उतरवून घेतल्या, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि जोडले. पाच तासांची रेघ दहा-बारा वर्षं जवळजवळ सपाट, मग जिन्यावरून गडगडत यावी तशी खाली. शेवटी एक तास चाळीस मिनिटं. ज्या नोंदी बंद करा म्हणून मी पत्र लिहिलं होतं, त्याच नोंदी. तो कागद मी बाईंना दिला. रेघ जिथून खाली वळते तिथे त्यांनी बोट ठेवलं. “बाबा गेले, त्यानंतर दोन वर्षांनी.”

दादांच्या मुलांचं म्हणणं पडलं की जमीन बटाट्याच्या ठेकेदाराला द्यावी. वाईट सुचवत नव्हते ते, औषधपाण्याचा विचार होता त्यात. बाईंनी तो आलेख दादांच्या मांडीवर ठेवला आणि या वेळी खोलीत वहिनींखेरीज दुसरं कोणी नाही ना ते आधी पाहून घेतलं. दादांनी पुष्कळ वेळ कागद पाहिला. मग डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं आणि हवेत एक आडवी रेघ ओढली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी.

“बांध,” वहिनी म्हणाल्या.

“मला कळलं,” बाई म्हणाल्या.

पण फोडलेल्या बांधांची खूणसुद्धा उरली नव्हती. बांध अगदी एका पातळीत हवा, नाहीतर पाणी सखल टोकाला जमतं आणि तिथूनच फोडून जातं. ती पातळी शोधायला गवंडी वापरतात तशी प्लॅस्टिकची पारदर्शक नळी मी शहरातून नेली. तेवढे रविवार पट्टी वाचायला कचेरीतला एक शिपाई बसवला. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी दोन काठ्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की दोन्ही काठ्यांचे पाय एका पातळीत. एक टोक बाईंकडे, दुसरं माझ्याकडे, खुंट्या ठोकायला वहिनी. दादांची खुर्ची अंगणात आणून ठेवली. आम्ही पन्नाशीची माणसं रानातून धडपडत होतो, आणि दादा आमची रेघ चुकली की डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थापा मारायचे. नळीची खूण बघितली की दर वेळी त्यांचंच बरोबर निघायचं. आयुष्यभर त्या उतारावरून चाललेला माणूस होता तो. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सगळ्या खुंट्यांना दोरी बांधून झाली आणि डोंगराच्या अंगावर पाच वाकड्या रेघा दिसायला लागल्या. दादांना त्या रेघा बघून रडू आलं. झटका आल्यापासून त्यांना रडू लवकर यायचं, असं वहिनी म्हणाल्या. पण बाई त्यांच्या खुर्चीशी अंधार पडू लागेपर्यंत बसून राहिल्या. माझी बस चुकली ती चुकलीच.

रेघांवर दगड रचले, दगडांच्या खालच्या अंगाला गवताची ठोंबं लावली. वरचा खडा उतार गवताला आणि झाडांना सोडला. खालचा तेवढा ठेकेदाराला दिला, आडव्या सऱ्यांच्या बोलीवर. हाताने चालवायचं छोटं यंत्र तिथे आडवं चालतं, उलटत नाही. ठोंबं लावायच्या दिवशी बाईंनी पत्र्याचे सगळे डबे पिशव्यांतून वर आणले आणि कागदांवरची माती झटकून झटकून ठोंबांच्या मुळाशी घातली. इतक्या वर्षांची मिळून जेमतेम एक घमेलं भरली.

“एवढ्याने काय होणार, वन्सं?” वहिनी म्हणाल्या.

“काही नाही. पण तिकडे ठेवून तरी काय करू?”

दादा त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत एक तास चाळीसचे पावणेतीन तास झाले. गाळ नऊ ग्रॅमवरून तिनावर आला. पाच तास काही परत आले नाहीत. खोऱ्यात इतर उतार होते, नवा रस्ता कापला होता, त्याची माती येतच होती, काळी आणि करडी. तांबडं मात्र क्वचित. त्याबद्दल कचेरीने बाईंना एक प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीसकट. ते त्यांनी भट्टीमागे ठेवलं.

दादा गेले तेव्हा थंडीचे दिवस होते, ओढा संथ होता. निरोप वहिनींनी फोनवरून दिला. पुढच्या पावसाळ्यात मी एकदा खोलीवर गेलो, तर बाई एक बाटली उजेडाकडे धरून उभ्या होत्या. निर्मळ पाणी, पिण्याजोगं. मी म्हणालो, “बाई, केलंत तुम्ही.” त्या म्हणाल्या, “हो. भांडण होतं तेव्हा रोज काहीतरी यायचं हो त्याच्याकडून.” आणि बाटली गाळणीवर उपडी केली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी माणूस नेमला नाही. उंब्र्याशेजारी लोखंडी खांब उभा राहिला, त्यावर एक पेटी, ती दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची आपोआप कचेरीत पाठवते. डोंगर कधी झाकला ते तिला दिसत नाही. खोली खात्याला परत द्यायची होती. वहिनी वर एकट्या होत्या, त्या म्हणाल्या, “वन्सं, आता घरी या.” बाई दोन ट्रंका घेऊन गेल्या.

मी गेल्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला वर गेलो. मीही आता निवृत्त आहे, वेळच वेळ. बाई बासष्ट वर्षांच्या, केस पांढरे, चाल तीच. दोघी नणंदा-भावजया कशावरून तरी वाद घालत भाजी निवडत बसल्या होत्या. उतारावर कमरेएवढं गवत उभं होतं. मी म्हणालो, “आता तरी मन रमलं ना? आलात माहेरी.”

“रमलं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण इथे पाण्याचा आवाज नाही हो. अडतीस वर्षं उंब्र्यावरून पाणी पडताना ऐकलंय. इथे सकाळी जाग येते आणि वाटतं, बहिरी झाले की काय.”

वहिनी म्हणाल्या, “त्यांना झरा दाखवायला न्या की. रोज जाताच.”

झऱ्याबद्दल बाई माझ्याशी इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. घराच्या खाली, शंभर एक पावलांवर, दोन दगडांच्या बेचक्यात ती जागा होती. त्या लहान असताना हा झरा कधीच आटला नव्हता. दादा आणि त्या इथेच कळशा भरायला यायचे आणि अर्ध्या वाटेत एकमेकांवर सांडायचे. बटाट्यांच्या वर्षांत तो मेला. बांध घातल्यानंतर तिसऱ्या वर्षी पावसाळा संपताना दगड ओले दिसले. आता पावसाळ्यानंतर वाहतो, थंडीभर वाहतो, आणि उन्हाळ्यात एके दिवशी थांबतो. थांबण्याचा दिवस दर वर्षी थोडा थोडा पुढे सरकतो आहे.

आम्ही गेलो तेव्हा दगड कोरडे होते. बाई वाकल्या, बेचक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपून पाहिलं. हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर चोळली.

“आतली माती ओली आहे,” त्या म्हणाल्या. “यंदा परवापर्यंत होतं पाणी. पाऊस यायला अजून तीन आठवडे. हे तीन आठवडे तेवढे कमी पडतायत.”

“पुढल्या वर्षी पोचेल,” मी म्हणालो.

“दोन वर्षं तरी लागतील अजून. झाडांची मुळं खोल जायला हवीत.” त्यांनी हात पदराला पुसला आणि दगडाशेजारी सावलीत बसल्या, मलाही बसायला जागा करून दिली. वरून वहिनी चहाला हाका मारत होत्या, पण बाई लगेच उठल्या नाहीत.